पॅरिसला झालाच नाही तो टप्पा मी जिंकलो

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी हिशेब लिहितो. पोत्यांचं वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, उरलेले पैसे शेतकऱ्याच्या हातात. सतरा वर्षं या हिशेबाच्या पट्ट्या लिहितोय. म्हणजे आकडेमोड कळत नव्हती म्हणून फसलो, असं म्हणायलाही मला जागा नाही.

सायकलचा नाद जुना. रविवारी आम्ही चार-पाच जण औशावरून खरोशाच्या लेण्यांपर्यंत जाऊन येतो. जुलैत टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत सुरू झाली की माझं रात्रीचं जेवण मोबाइलसमोरच. तीन आठवडे, २१ टप्पे, आणि बहुतेक टप्पे आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास संपतात. त्या दिवसांत यार्डात आवकही मंद असते, त्यामुळे दुपारपासूनच डोकं तिकडं.

२०२४ च्या टूरच्या वेळी सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर टेलिग्रामची लिंक आली. 'टप्प्याचा विजेता आधीच सांगतो.' क्रिकेटचा सट्टा मी जन्मात लावला नाही. तो खेळणाऱ्यांची काय गत होते ते यार्डात पाहिलंय. पण सायकलिंगचं वेगळं वाटलं. आल्प्सचा घाट चढणाऱ्या माणसाला कोण मॅनेज करणार? शिवाय आपल्याला यातलं कळतं, हा माज होताच. आज वाटतं, त्यांनी हा खेळ निवडला तोच यासाठी. क्रिकेटचा निकाल चहाच्या टपरीवरचं पोरगंही सांगेल. टूरचा कितवा टप्पा कोणी मारला, हे लातुरात विचारायचं कोणाला?

३ जुलैला, पाचव्या टप्प्याच्या दिवशी, सकाळीच ग्रुपवर नाव पडलं: मार्क कॅव्हेंडिश. वय ३९. जुन्या जमान्यातला बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स, त्याच्या ३४ टप्पे जिंकण्याच्या विक्रमाशी २०२१ पासून बरोबरीत अडकलेला. आणि गड्यानं त्या संध्याकाळी ३५ वा टप्पा मारला! अंगावर काटा आला माझ्या. मी २,००० लावले होते, ॲपवर रक्कम फुगली आणि त्यातले २,४०० काढून पाहिले तर खरोखर खात्यात आले. त्यांच्याकडून मला मिळालेले पहिले आणि शेवटचे पैसे ते.

हा चमत्कार कसा झाला ते बऱ्याच दिवसांनी कळलं. उदगीरचा माझा भाचा त्याच ॲडमिनच्या दुसऱ्या ग्रुपात होता. त्याच सकाळी तिथं नाव दिलं होतं फिलिप्सनचं, जो त्या दिवशी दुसरा आला. भाचा ग्रुप सोडून गेला, मी चिकटून राहिलो. चार-पाच ग्रुप करायचे, प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं. कधी ना कधी एखादं खरं ठरतंच आणि तेवढा एक ग्रुप त्यांना देव मानू लागतो. बाकी दिवशी पोस्ट नंतर बदलायच्या. खाली बारीक अक्षरांत 'एडिटेड' असं दिसायचं, पण ते वाचायला शुद्ध कुठं होती?

मग ५,००० टाकले, मग १५,०००, मग ४०,०००. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरून उतरवलेलं. पैसे भरायला दर वेळी नवा क्यूआर. कधी कुठल्या किराणा दुकानाच्या नावाचा, कधी कुण्या बाईच्या नावाचा. ही भाड्यानं घेतलेली खाती असतात, हे मला पुढं पोलिसांनी सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात ॲपवर शेवटच्या टप्प्याचा सौदा आला. 'पॅरिस, शाँज-एलिझे, स्प्रिंट.' स्प्रिंट म्हणजे शेवटी घोळक्यातून सगळे एकदम सुसाट सुटतात ते. मी गिरमायवर लावले. तीन टप्पे मारून हिरवी जर्सी, म्हणजे गुणांत पहिला असणाऱ्याची, त्याच्याच अंगावर होती. २१ तारखेच्या रात्री वॉलेटवर ३,१८,००० दिसले. बायकोला उठवून दाखवले.

दुसऱ्या दिवशी काढायला गेलो तर ॲडमिन म्हणाला, "सर, ३० टक्के टीडीएस आधी भरावा लागेल." म्हणजे ९५,४००. मी म्हणालो, "यातूनच कापून घ्या ना." तो म्हणाला, "सिस्टीम अलाऊ करत नाही सर, सरकारी नियम आहे." ऑनलाइन खेळात जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के टीडीएस हा नियम तेव्हा खराच होता, त्यामुळे पटलं. पण टीडीएसमधला 'डी' म्हणजेच कापणं! हमालीचे पैसे आधी आणून दे, मग तुझी पट्टी देतो, असं मी एखाद्या शेतकऱ्याला म्हणालो असतो तर त्यानं पायताण काढलं असतं. मी मात्र मालकाकडून ६०,००० उचल घेतली, ३५,४०० पोराच्या फीचे घातले आणि भरले.

मग २८ टक्के जीएसटी मागितला. ८९,०४०. आता कुणाकडं मागावेत म्हणून भाच्याला फोन लावला, सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्पच. मग म्हणाला, "मामा, काय बोलू लालास? यंदा पॅरिसला ऑलिंपिक हाय. टूर नीसला संपली की, ती बी टाइम ट्रायलनं."

मला हे ठाऊक होतं. मोनॅकोहून नीस, प्रत्येक जण एकेकटा घड्याळाविरुद्ध. त्यात स्प्रिंट कुठून येणार? टूर पहिल्यांदाच पॅरिसऐवजी दुसरीकडं संपणार, हे मीच आमच्या पोरांना खरोशाच्या वाटेवर सांगितलं होतं. पण शेवटच्या आठवड्यात मी शर्यत पाहतच नव्हतो. ॲपवरचा आकडा पाहत होतो. (तो शेवटचा टप्पाही त्या वर्षीची टूर जिंकणाऱ्या पोगाचारनंच मारला, हे मी नंतर वाचलं.)

त्यानंतर माझी सगळ्यात मोठी चूक. जुगार लावला म्हणून पोलीस मलाच आत टाकतील, या भीतीनं नऊ दिवस गप्प बसलो. लाजेनं चॅटही पुसून टाकलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन केला असता तर रक्कम पुढं सरकायच्या आत अडवता आली असती, असं सायबर पोलिसांनी सांगितलं. कुणी आत टाकलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. बँकेच्या उताऱ्यावर प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर होता, तेवढ्यावर तक्रार उभी राहिली. एका खात्यात ११,६०० रुपये गोठवलेले सापडले. ते सुटायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. बाकीचे गेले.

मध्यंतरी नव्या नावानं त्यांचाच मेसेज आला. आता दक्षिण आफ्रिकेतली कॉमरेड्स शर्यत धरलीय, जवळपास ९० किलोमीटर पळायची. 'कोण १२ तासांत पोचणार, आधीच सांगतो.' या वेळी काही पुसलं नाही, स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांना दिला.

एकूण भरले १,५७,४००, परत आले २,४००. मालकाची उचल मी वीस महिन्यांत फेडायची ठरलं, दर महिन्याला ३,०००. तो ते पगारातूनच कापून घेतो.