वॉलेटमध्ये झिरो दिसलं म्हणून बारा शब्द कुणाला देऊ नका

माझ्या दाजींचं सगळं बिटकॉइन मागच्या महिन्यात गेलं, आणि ज्या पद्धतीने गेलं ते बघून राग आवरत नाहीये, म्हणून लिहितोय.

झालं असं की त्यांचा जुना फोन बंद पडला. सीडचे, म्हणजे वॉलेटच्या मास्टर चावीचे बारा शब्द डायरीत नीट लिहून ठेवलेले होते, त्यांनी नव्या फोनवर दुसरं वॉलेट घेतलं, शब्द टाकले, सगळे बरोबर म्हणून घेतले आणि बॅलन्स आला शून्य! माणूस हादरणारच ना. त्यांनी एका ग्रुपवर विचारलं तर पाचेक मिनिटांत सपोर्टवाला म्हणून एकाचा पर्सनल मेसेज, एकदम गोड भाषा, सर तुमचं वॉलेट सिंक झालेलं नाही, या लिंकवर व्हॅलिडेट करा. लिंकवर बारा चौकोन, एकेका शब्दासाठी एक. भरले. खाली हिरवी पट्टी, सिंक चालू आहे, २४ तास वॉलेट उघडू नका. ते २४ तास कशासाठी हे आता कळतंय.

खरं म्हणजे शून्य दिसलं तेव्हा पैसे कुठेच गेले नव्हते हो! एकाच सीडमधून वेगवेगळ्या प्रकारचे अॅड्रेस निघतात. १ ने सुरू होणारे जुने लेगसी, ३ वाले, २०१७ च्या सेगविट या बिटकॉइनच्या अपग्रेडनंतर आलेले बीसी१क्यू वाले आणि २०२१ च्या टॅपरूट अपग्रेडचे बीसी१पी वाले. प्रत्येकाचा डेरिव्हेशन पाथ, म्हणजे सीडमधून अॅड्रेस काढायचा रस्ता, वेगळा, अनुक्रमे ४४, ४९, ८४, ८६. म्हणजे एकाच नावावर बँकेत चार खाती असल्यासारखं, आणि नवं अॅप त्यातलं एकच उघडून दाखवतं. दाजींचे पैसे ३ वाल्या अॅड्रेसवर, नवं वॉलेट दाखवत होतं बीसी१क्यू. एक्स्चेंजच्या जुन्या विथड्रॉवलच्या मेलमध्ये त्यांचा ३ चा अॅड्रेस होता, तो मी एक्सप्लोररवर, म्हणजे कुठल्याही अॅड्रेसचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकून बघितला तर रक्कम वर्षानुवर्षं तिथेच पडून होती आणि बाहेर गेलेला एकमेव व्यवहार त्या फॉर्मच्या रात्रीचा.

तर शून्य दिसलं की आधी जुना अॅड्रेस शोधा, मेलमध्ये, स्क्रीनशॉटमध्ये, कुठेही, आणि एक्सप्लोररवर बघा, त्याला सीड लागत नाही. तिथे पैसे दिसले तर वॉलेटमध्ये फक्त अॅड्रेसचा प्रकार बदलायचाय. इलेक्ट्रम या वॉलेटमध्ये शब्द टाकताना ऑप्शनमध्ये बिप३९ (बाकीची बरीच वॉलेट वापरतात तो सीडचा प्रकार) टिक केलं की पुढे जुनी खाती शोधायचं बटण मिळतं, तेच नेहमीचे पाथ तपासतं. पण ते ओरिजिनल साइटवरूनच घ्या, २०१८ च्या शेवटी त्याच्या खोट्या अपडेटने बऱ्याच लोकांना लुटलंय. आणि बॅकअप लिहिताना शब्दांखाली वॉलेटचं नाव आणि पहिला अॅड्रेसपण लिहा, मी घरातल्या सगळ्यांच्या डायरीत लिहून घेतलाय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, ट्रान्झॅक्शन आयडी दिला, चोराचा अॅड्रेस दिला. कन्फर्म झालेला व्यवहार उलटा फिरवता येत नाही, हे ताईला समजावताना फार जड गेलं. आणि वर आता दाजींना रिकव्हरी करून देतो म्हणणाऱ्यांचे मेसेज येतायत, आधी फी भरा म्हणून. मला तर तीच टोळी वाटते. असे मेसेज तुम्हालाही आले तर उत्तरच देऊ नका, सरळ ब्लॉक करा.