वेगवाचन की नुसतं चाळणं?

वेगवाचनाचे क्लास मिनिटाला हजार शब्दांचं आमिष दाखवतात. एव्हलिन वुड यांनी १९५९ साली अमेरिकेत असे वर्ग सुरू केले, तेव्हापासून दावा जवळपास तोच. साधा प्रौढ वाचक इंग्रजी मजकूर मनात वाचताना मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास असतो.

अडचण डोळ्यांच्या बांधणीत आहे. नजर ओळीवरून सरकत नाही, ती उड्या मारते. दर थांब्याला पाव सेकंदाच्या आसपास टेकते, आणि तेवढ्यात मोजकीच अक्षरं स्पष्ट दिसतात. त्यामुळे ‘अख्खं पान एका नजरेत’ ही निव्वळ थाप. एकाच जागी एकेक शब्द दाखवणारी अ‍ॅप्स उड्या वाचवतात खरं, पण मागं फिरायची सोय काढून घेतात. ‘नाकारता येत नाही असे नाही’ हे वाचून मागं वळला नाहीत, तर हो की नाही तेच कळत नाही. २०१४ च्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द झाकून टाकले, तर आकलन घसरलं. मनातला उच्चार दाबायचा सल्लाही असाच अंगलट येतो.

चाळणं निदान प्रामाणिक तरी आहे. शीर्षकं, परिच्छेदांची पहिली वाक्यं, शेवट. काय गाळतोय ते आपल्याला माहीत असतं. अहवालात कामाचं पान शोधायचं असेल तर माझं मत चाळण्याला. करारनामा किंवा कविता असेल तर दोन्ही नकोत. वेग खरोखर वाढवायचा असेल, तर त्या विषयातलं भरपूर वाचा. ओळखीचे शब्द नजर पटकन टिपते.