केसपेपरवर 'घरी पडला' लिहिलं, तिथेच भरपाई अडकली

सेंट्रिंगच्या कामावर चौथ्या मजल्यावरून माणूस पडतो. मुकादम त्याला रिक्षात घालून लांबच्या एका खाजगी दवाखान्यात नेतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेत नाही, कारण तिथे पोलिसांना कळवलं जातं. डॉक्टर विचारतात, काय झालं? जखमी कण्हत असतो, म्हणून उत्तर मुकादमच देतो: 'घरी जिन्यावरून घसरला.' ही ओळ केसपेपरवर चढते आणि वर्षभरानंतर ठेकेदाराचा वकील नेमकी तीच वाचून दाखवतो.

बांधकाम मजुरांची फसवणूक बहुतेक वेळा अशीच, पहिल्या दोन दिवसांत होते. त्या वेळी घरच्यांचं सगळं लक्ष रक्ताच्या बाटलीकडे असतं आणि कागदाकडे बघायला कुणी नसतं. म्हणून दवाखान्यात जो नातेवाईक किंवा सोबती आधी पोहोचेल त्याने एवढं करावं: केसपेपरवर अपघात कुठे आणि कसा झाला म्हणून लिहिलंय ते वाचून घ्यावं. वाचता येत नसेल तर नर्सकडून वाचून घ्यावं. चुकीचं असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करायला सांगावी आणि अर्जाच्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का घ्यावा. पोलिसांच्या जबाबात साइटचं नाव, मजला, वेळ आणि कोणाच्या सांगण्यावरून काम चालू होतं हे यायलाच हवं.

दुसरा डाव कोऱ्या स्टँपपेपरचा. 'बिल भरायचंय, सही लागते' असं सांगून अंगठा घेतात. पुढे त्याच कागदावर 'माझी तक्रार नाही, पूर्ण रक्कम मिळाली' असा मजकूर टाइप होतो. घाबरून जाऊ नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 प्रमाणे हक्क सोडून दिल्याचा असा करार रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंदणी या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे करावी लागते. रक्कम अपुरी आहे किंवा फसवून सही घेतली आहे असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मजूर दगावला असेल तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. विधवेच्या हातात रोख दोन लाख ठेवले म्हणून ठेकेदार सुटत नाही; तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम काय ती वजा होऊ शकते.

आता आकडे बघू, कारण 'तीन लाख देतो, मोठ्या मनाने देतो' हे वाक्य आकडे माहीत नसणाऱ्यालाच खपतं. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचे 50 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के गुणिले तोच गुणक. वय 30 असेल तर गुणक 207.98, वय 40 ला 184.17, 50 ला 153.09. प्रत्यक्ष पगार कितीही असो, 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे महिन्याला 15,000 रुपयांपर्यंतच धरला जातो. म्हणजे तीस वर्षांच्या मजुराच्या मृत्यूला 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. पूर्ण अपंगत्वाला 18,71,820. नुसता हाताचा एक अंगठा तुटला तरी कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के धरलेत, म्हणजे 5,61,546. ठेकेदाराचे 'मोठ्या मनाचे' तीन लाख या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

त्या तीन लाखांतूनही 'दवाखान्याचे सव्वा लाख मी भरले' म्हणून कापतात. उपचारावर मालकाने केलेला खर्च भरपाईत धरता येत नाही, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. उलट 2010 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकावरच आहे. म्हणून औषधाचं प्रत्येक बिल मजुराच्या नावाने घ्या आणि मूळ प्रत मुकादमाकडे देऊ नका.

अपंगत्वाच्या टक्क्यातही हातचलाखी होते. परिशिष्टात नसलेल्या इजेला शरीराचं नव्हे, कमाईच्या क्षमतेचं नुकसान मोजतात. कोपराच्या वर डावा हात गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये पूर्ण अपंगत्व मान्य केलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला आपलं काम नीट सांगा: परात उचलतो, परांचीवर चढतो, सळई वाकवतो.

'दारू प्यायला होता', 'बेल्ट लावला नव्हता' ही धमकी ठरलेली. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही. इतर इजांमध्ये अपघात त्याच कारणाने झाला हे मालकाला सिद्ध करावं लागतं, नुसतं म्हणून भागत नाही. मजुराचं साधं दुर्लक्ष झालं म्हणूनही भरपाई जात नाही.

मग येतो 'तो माझा माणूसच नव्हे' हा पवित्रा. पोटठेकेदार फोन बंद करतो, बिल्डर हात झटकतो. कामाच्या जागेवर मूळ मालक, म्हणजे ज्याने ठेका दिला तो बिल्डर, जबाबदार असतोच. भरपाई दिल्यावर ती ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्याचा प्रश्न. पुरावा लागतो तो साइटवर काम करत असल्याचा: हजेरीच्या वहीचा फोटो, गेटचा पास, पगाराचे ऑनलाइन पेमेंट, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज, दोन सोबत्यांचे जबाब. सोबती परगावचे असतात आणि काम संपलं की पांगतात, म्हणून त्यांचे गावाकडचे पत्ते पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजनेचे पैसे ही वेगळी बाब आहे. ते मिळाले म्हणून मालकाची जबाबदारी कमी होत नाही, पण एजंट दोन्हींची सरमिसळ करून टक्का मागतात. मात्र मजुराचा ईएसआय (पगारातून जाणारा कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर या कायद्याऐवजी ईएसआयकडे जावं लागतं. ते आधी तपासा, नाहीतर चुकीच्या दारात वर्ष जातं.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये सामावला गेला आहे. 50 आणि 60 टक्क्यांची पद्धत तिथेही आहे. अपघाताची तारीख कोणत्या बाजूची आहे ते वकिलाला आधीच सांगा.

सगळ्यात गोड फसवणूक मुदतीची. 'पुढच्या स्लॅबचं बिल निघालं की देतो' म्हणत दोन वर्षं काढतात, आणि दावा दाखल करायची मुदत दोनच वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यासाठी पुन्हा भांडावं लागतं. अपघातानंतर महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, हे नोटिशीत लिहिलं की ठेकेदाराचा सूर बदलतो. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. दाव्यासाठी शहरात खोली घेऊन राहायची गरज नाही. अपघात जिथे झाला तिथे करता येतो, तसाच मजूर किंवा त्याचे वारस राहतात त्या गावाकडूनही करता येतो.