नवराबायकोचं बोटॉक्स: ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका स्किन क्लिनिकचा अनुभव

डॉक्टरीणबाईंना पाचपैकी पाच, काउंटरला दीड. दोघांची सरासरी काढली तर दोघांवरही अन्याय होईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सहकारी बँकेत वसुलीला आहे, वय ५१. दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या, अशा की मी खुशीत असलो तरी समोरचा विचारणार, "साहेब, काही चुकलं का?" कामात त्याचा फायदाच होता. पण मुलीच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये मी पानोपानी व्याह्यांशी भांडून आल्यासारखा दिसतोय. बायको म्हणाली, "अहो, लग्नाच्या आधी तुम्हीही चला माझ्याबरोबर." ती आधीपासून बोटॉक्सला, म्हणजे सुरकुत्या घालवायच्या इंजेक्शनला, जाते हे मला त्याच वाक्यात कळलं.

गेलो. वेटिंगमध्ये पुरुष बरेच होते. कोपऱ्यात दोन मित्र बसलेले, चाळिशीचे. एकाने घरी केसगळतीच्या ट्रीटमेंटला जातो म्हणून सांगितलंय, हे सगळ्या वेटिंगला ऐकू गेलं, कारण तो ते फोनवर बायकोलाच सांगत होता. दुसरा तोंडावर पेपर धरून हसत होता. वेळ साडेअकराची दिली होती, आत घेतलं साडेबाराला.

त्या तासाभरात काउंटरवरच्या मुलीने आम्हाला कपल पॅकेज विकायचा प्रयत्न केला. दोघांना तीन-तीन एरिया, म्हणजे कपाळ, भुवयांमधली आठी आणि डोळ्यांच्या कडा, सगळं मिळून पंचेचाळीस हजार अधिक जीएसटी, आज बुक केलंत तर एक फेशियल फ्री. मी विचारलं, युनिट किती? "सर, ते डॉक्टर ठरवतात." मग तुम्ही विकताय काय? हे औषध युनिटवर मोजतात. शिवाय डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचं एक युनिट म्हणजे बोटॉक्सचं एक युनिट नव्हे, आकडा सांगताना ब्रँडही सांगावा लागतो. नुसत्या 'एरिया'वर भाव केला की औषध किती गेलं हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. आमच्याकडे असं कर्जप्रकरण आलं असतं तर मी फाइल परत पाठवली असती.

डॉक्टरांच्या खोलीत मात्र पॅकेजचा विषयच निघाला नाही. बाई त्वचारोगात एमडी, प्रमाणपत्र आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर. आधी गोळ्या-औषधं विचारली. मला हृदयासाठी इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे. "ती यासाठी अजिबात बंद करायची नाही. फार तर थोडं काळंनिळं होईल," म्हणाल्या. स्नायूंचा काही आजार, मायस्थेनिया वगैरे, आहे का, सध्या कुठलं अँटिबायोटिक चालू आहे का, तेही विचारलं. मग मला आरशासमोर बसवून, "बँकेतलं तोंड करा." केलं. आठीवर बोट ठेवून स्नायू चाचपला, पांढऱ्या पेन्सिलीने पाच ठिपके काढले आणि सांगितलं की बायकोला इथे २० युनिट पुरतात, तुम्हाला ३० लागतील. पुरुषांचा हा स्नायू जाड असतो, बाईमाणसाच्या मापाने दिलं तर आठी अर्धवट राहते. भुवईचंही तसंच. बायकांना थोडी कमान चालते, पुरुषाची भुवई सरळ आणि खाली असते, तिला कमान आली की चेहरा विचित्र दिसतो.

कपाळाला त्यांनी साफ नकार दिला. माझ्या पापण्या वयाने जरा उतरल्यात आणि मी नकळत कपाळ वर ओढून डोळे उघडे ठेवतो. तो स्नायू सैल केला तर भुवया खाली येऊन डोळ्यांवर बसतील. डोळ्यांच्या कडेच्या रेषा मी स्वतःच नको म्हटल्या, हसल्याचा तेवढा तरी पुरावा राहू दे. म्हणजे पॅकेज घेतलं असतं तर माझे तीनातले दोन एरिया एकतर वाया, नाहीतर अपाय. हेच मला सांगायचंय. नवराबायकोने एकत्र जावं, खुशाल जावं, पण दोन चेहऱ्यांचं एक बिल करू देऊ नये.

बाटली आमच्यासमोर फ्रिजमधून काढली. १०० युनिटची, तळाशी औषधाचा जेमतेम दिसेल न दिसेल असा पातळ थर. त्यात सलाईन मिसळलं, बॅच नंबरचं स्टिकर दोघांच्या फाइलला लावलं. सुई केसासारखी. मुंगी चावल्याइतकं दुखलं, नाकाच्या मुळाशी मात्र डोळ्यांत पाणी आलं. बायको शेजारी उभी राहून व्हिडिओ काढत होती.

नंतरच्या सूचना: चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, घट्ट हेल्मेट नको, सलूनमधली चंपी आणि शीर्षासन त्या दिवशी बंद. स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने आलो. हे आधी फोनवर सांगायला काय झालं होतं?

बिल: बायकोचे ४४ युनिट (आठीला २०, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४), माझे ३०. युनिटला ३५० प्रमाणे २५,९०० आणि वर तेव्हाच्या दराने १८ टक्के जीएसटी, एकूण ३०,५६२. सौंदर्यासाठीचे उपचार जीएसटीतून सुटत नाहीत आणि मेडिक्लेमही यात एक रुपया देत नाही. परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणजे हा खर्च वर्षाला तीन-चारदा धरायचा. मी धरणार नाही. लग्न झालं की बास.

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "विष टोचून घेतलंस?" विषच आहे. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, म्हणून स्नायू आकसत नाही. आधी तिरळ्या डोळ्यांवर आणि पापण्यांच्या झटक्यांवर वापरलं जायचं. सुरकुत्यांवरचा पहिला शोधनिबंध कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याचा, १९९२ चा. बायको डोळ्यांची डॉक्टर, नवरा त्वचेचा. हे मी आईला नवराबायकोचं सहकार्य म्हणून सांगितलं, ती काही विरघळली नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फरक दिसायला लागला, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी. तोवर माझ्या डाव्या भुवईचं बाहेरचं टोक जरा वर गेलं होतं. फेरतपासणीत बाईंनी तिथे दोन युनिट देऊन ते खाली आणलं, पैसे घेतले नाहीत. बायकोच्या डोळ्याजवळ हिरवट डाग आला होता, आपोआप गेला. घरात कार्य असेल तर किमान तीन आठवडे आधी जा, ते यासाठी.

एक तक्रार गंभीर आहे. संमतीपत्र फक्त इंग्रजीत आणि त्यात 'आधी-नंतर'चे फोटो क्लिनिकच्या जाहिरातीला वापरायची परवानगी बारीक अक्षरांत घातलेली. बायकोच्या लक्षात आलं, तिने ती ओळ खोडून सही केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, असं कोणी करत नाही. करा.

बँकेत कोणाला काही कळलं नाही. फक्त एका जुन्या थकबाकीदाराने माझ्याकडे बघून दोन महिन्यांची मुदत मागितली, जी मागायची त्याची आजवर हिंमत झाली नव्हती. दिली नाही.