ऑरलँडोतली शेवटची रात्र आणि दाराखालून आलेलं पिझ्झाचं पत्रक

फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. पिझ्झाच्या खोट्या पत्रकाला फसून आमच्या कार्डावरून पैसे गेले ते सहलीच्या अगदी शेवटी, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री. ते नेमके तेव्हाच का गेले, हे मला आता चांगलं कळलं आहे.

आम्ही ऑरलँडोजवळच्या किसिमी गावात, यूएस १९२ या हमरस्त्यालगतच्या एका हॉटेलात उतरलो होतो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांपेक्षा इथे खोल्या बऱ्याच स्वस्त पडतात, म्हणून आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं इथेच राहतात. शेवटच्या दिवशी मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानात सकाळी शिरलो ते रात्रीची आतषबाजी बघूनच निघालो. तिथून बाहेर पडणं हेच एक मोठं काम असतं. गाड्यांचा तळ तलावापलीकडे, त्यामुळे आधी मोनोरेल किंवा फेरीबोट आणि मग पुढे गाडीपर्यंत. हॉटेलवर पोचेपर्यंत मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेला, सासूबाईंचे पाय सुजलेले, बॅगा भरायच्या बाकी. सकाळी भाड्याची गाडी परत करून विमानतळ गाठायचा होता. घरून नेलेले ठेपले आणि उपम्याची पाकिटं संपली होती. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत, आणि त्या वेळी पुन्हा गाडी काढून बाहेर जायची कुणाच्यात ताकद नव्हती.

दार उघडलं तर आत जमिनीवर पिझ्झाचं पत्रक. चकचकीत कागद, चीज ओघळणाऱ्या पिझ्झ्यांचे फोटो, ‘हॉटेलच्या खोलीपर्यंत मोफत डिलिव्हरी’ आणि ठळक आकड्यांत फोन नंबर. दुकानाला नाव होतं, पण पत्ता नव्हता. रस्त्याचं नाव नाही, वेबसाइट नाही, काही नाही. पत्रक हातात आलं तर पहिल्यांदा हे बघा. खऱ्या दुकानाला आपला पत्ता लपवायचं कारण नसतं.

फोन उचलणारा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. शाकाहारी आहे का, सॉसमध्ये काय असतं, सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग हॉटेलचं नाव, खोली क्रमांक, कार्डावरचं नाव, कार्ड नंबर, एक्सपायरी आणि मागचा तीन आकडी नंबर. नवरा म्हणाला, रोख देतो. त्यावर तो म्हणाला, “रात्री आमची मुलं रोख घेत नाहीत, लुटालूट होते.” परक्या देशात कुणालाही हे पटेल. पाऊण तासात येईल म्हणाला. तासाने फोन केला, तर “ड्रायव्हर तुमच्याच पार्किंगमध्ये इमारत शोधतोय.” त्यानंतर नुसती घंटा वाजत राहिली. सासूबाई दूध आणि केळं खाऊन झोपल्या.

नवरा पत्रक घेऊन खाली रिसेप्शनला गेला. तिथल्या मुलीने कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, “हे पुन्हा आलं का?” तिच्या खणात अशी बरीच पत्रकं होती. दुकानांची नावं वेगवेगळी, फोटो मात्र तेच. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. हॉटेलला हे ठाऊक होतं. लिफ्टमध्ये एक सूचना लावायला, खोलीची किल्ली देताना एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? हॉटेलने मनाई केलेली असताना आत येऊन अशी पत्रकं वाटणं हा फ्लोरिडाच्या कायद्याने गुन्हा आहे. ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेनेही प्रवाशांना याबद्दल सावध केलेलं आहे.

यानंतरची धावपळ भारतातून गेलेल्या प्रत्येकाची होऊ शकते. कार्ड मुंबईत घेतलेलं फॉरेक्स कार्ड होतं, म्हणजे आधीच डॉलर भरून ठेवलेलं. ते ॲपमधून बंद करायला गेलो, तर ओटीपी भारतातल्या नंबरवर. ते सिम पासपोर्टच्या पाऊचमध्ये, कारण फोनमध्ये तिथलं स्थानिक सिम होतं. कानातल्याच्या दांडीने सिमचा ट्रे उघडून ते घातलं, पण रोमिंग चालू नव्हतं. खर्चाचे एसएमएससुद्धा त्याच नंबरवर जायचे, म्हणजे पैसे जात होते आणि आमच्या फोनवर काहीच येत नव्हतं. शेवटी परत स्थानिक सिम घालून कार्डामागच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि कार्ड बंद झालं. तोवर आधी एक डॉलरचा व्यवहार झाला होता, कार्ड चालतंय का हे बघण्यापुरता, आणि लगेच तीन मोठे. मिळून सहाशे डॉलरच्या वर.

आपल्याकडे ऑनलाइन पैसे देताना ओटीपी लागतो, म्हणून नंबर दिला तरी काय होणार, असं आपण धरून चालतो. परदेशातल्या व्यापाऱ्याला ओटीपी मागण्याचं बंधन नसतं. कार्ड नंबर, एक्सपायरी आणि ते तीन आकडे एवढ्यावर त्याचं काम होतं. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन वापर वेगळा बंद करता येतो. हॉटेल आणि विमान आधीच आरक्षित असेल तर तो बंद ठेवा. दुकानात कार्ड टॅप करायला त्याने अडचण येत नाही.

आता शेवटच्या रात्रीबद्दल. पत्रक सगळ्याच दारांखाली सरकवतात, पण सकाळी निघणारी कुटुंबं त्यात हमखास सापडतात. खाऊ संपलेला, अंगात त्राण नाही, पोलिसांकडे जायला वेळ नाही, आणि पुढचा जवळजवळ अख्खा दिवस विमानात. नवरा खाली न जाता झोपला असता, तर आम्हाला हे मुंबईत उतरल्यावर कळलं असतं, आणि तोवर कार्ड रिकामं झालं असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून विमानतळावर जाऊन बघू, घरी पोचून बघू असं करू नका. हेल्पलाइनचा नंबर स्थानिक सिमवर आधीच साठवून ठेवा.

याचंच दुसरं रूप म्हणजे मध्यरात्री खोलीतल्या फोनवर येणारा ‘रिसेप्शन’चा फोन. कॉम्प्युटर बंद पडलाय, सकाळी तुमचं चेकआउट आहे, कार्ड नंबर पुन्हा सांगा. तो फोन ठेवून द्यावा आणि कितीही झोप आली असली तरी स्वतः खाली जाऊन विचारावं. खायला मागवायचं असेल तर रिसेप्शनवर दुकानाचं नाव विचारून घ्यावं.

आमचे दोन व्यवहार बँकेने परत फिरवले, तिसऱ्यावर अजून वाद चालू आहे. बँकेने पुरावे मागितले तेव्हा तीन गोष्टी उपयोगी पडल्या: पत्रकाचा दोन्ही बाजूंचा फोटो, ऑस्सिओला काउंटी शेरीफच्या, म्हणजे किसिमीच्या जिल्हा पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात फोन करून घेतलेला तक्रार क्रमांक, आणि हॉटेलच्या लेटरहेडवर मॅनेजरकडून लिहून घेतलेल्या चार ओळी. ते पत्र द्यायला मॅनेजर आधी तयार नव्हता. नवरा बॅगा घेऊन काउंटरसमोर उभा राहिला, तेव्हा मिळालं. मुंबईत आल्यावर त्याच हॉटेलला बिलाच्या प्रतीसाठी मी ईमेल केले, त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. तेव्हा जे काही लिहून घ्यायचं ते चेकआउटच्या आधी, तिथेच उभं राहून घ्या.