पहिल्या तिमाहीत शुगरचा अंदाज: वजनकाटा की टेप?

दिवस राहिल्यावर पहिल्या तपासणीला सिस्टरनी मला काट्यावर उभं केलं. वजन ५२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.५. सासूबाई म्हणाल्या, "काडीसारखी तू, तुला कसली आलीय शुगर!" टेप कुणीच लावली नाही. घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढली. कंबर भरली ८४ सेंटिमीटर.

आता यातलं खरं काय मानायचं?

बीएमआय सोयीचा. आठव्या-दहाव्या आठवड्यात बाळाचं वजन नगण्य असतं, त्यामुळे आकडा बिघडत नाही. उलट्यांनी वजन उतरलं असेल तर मात्र तो फसवतो. मग आधीचं नोंदवलेलं वजन धरावं. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. दवाखान्याच्या भिंतीवर २५ आणि ३० चा परदेशी तक्ता लटकत असेल, तर त्यावर विसंबू नका.

पण बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या 'बारीक पण चरबीदार' देहाची गोष्ट त्या एका फोटोत आली.

ती चरबी पोटात साठते आणि इन्सुलिनला दाद देत नाही. पुढे वारेची संप्रेरकं त्यात भर घालतात. म्हणून माझा कल टेपकडे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्यायचं. साडीच्या निरीवरून नव्हे. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे सावध व्हायचं. हा आकडा गरोदर नसलेल्या बायकांसाठीचा आहे, आणि बाराव्या आठवड्यानंतर गर्भाशय वर येऊ लागलं की टेप निरुपयोगी. त्यामुळे माप लवकर घ्या.

टेपने मानेचा घेरही मोजता येतो. तो पोटाबरोबर वाढत नाही, एवढा त्याचा फायदा. पण थायरॉइडची गाठ असेल तर घोटाळा. कंबर-नितंब गुणोत्तराच्या भानगडीत मी पडणार नाही. दोन्ही मापं मोठी असली तरी भागाकार साळसूद येतो.

तर काटा आणि टेप दोन्ही वापरा, पण शुगर तपासायची की नाही हे त्यांच्यावरून ठरवू नका. आपल्याकडे ही तपासणी सगळ्याच गरोदर बायकांसाठी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, जेवलेलं असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा त्यावर आली तर गरोदरपणातला मधुमेह. एकदा पहिल्या भेटीत, मग २४ ते २८ आठवड्यांत.

माझी पहिली १२९ आली. सासूबाईंनी पेढे काढले. दुसरी टाळायचा मोह झाला होता, पण ८४ चा आकडा डोक्यात होता, म्हणून गेले. १५२ आली. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. घाईने घटाघटा पिऊ नका, पाच-दहा मिनिटांत संपवा.