पुढची चाकं वळती ठेवावीत की चिकटवून टाकावीत?

भाच्याने १/२४ मापाचा प्लॅस्टिक कारचा किट आणलाय आणि पुढच्या अ‍ॅक्सलपाशी अडलाय. "मामा, स्टिअरिंग फिरतं ठेवू की सरळ चिकटवू?"

मेहनत म्हणाल तर फिरत्या जोडणीत खरी कसोटी आहे. दोन्ही नकल (चाकं ज्यांवर बसतात ते वळणारे तुकडे) टाय-रॉडला, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांडीला, पिनांनी जोडायचे, मग पिनांची टोकं गरम स्क्रूड्रायव्हरने हलकेच दाबून चपटी करायची. जास्त दाबलं तर सांधा जाम, कमी दाबलं तर रॉड निसटतो. सिमेंटचा (मॉडेल चिकटवायच्या द्रवाचा) एक थेंब पिनेवर ओघळला की संपलंच, कारण ते किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून जोडतं. रंगाचा थरही सांध्यात अडकतो, म्हणून तिथला रंग आधी खरवडावा. चिकटवायला मात्र दहा मिनिटं. फक्त चारही चाकं सपाट काचेवर टेकवून सिमेंट सुकू द्यायचं.

टिकाऊपणात चिकटवलेलंच सरस. बारीक पिना वारंवार फिरवल्या की तुटतात. खर्च दोन्हीकडे सारखाच.

दिसण्यात वळलेली चाकं बाजी मारतात, पण ती वळवून चिकटवताही येतात! कपाटात ठेवायची असेल तर तसंच कर. जोडणीची गंमतच हवी असेल, तर फिरती ठेव.